अवजार बदलण्यापूर्वी

मराठीत जुन्याची बाजू घेणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. ‘जुने ते सोने’ असे एक म्हण सांगते, तर ‘नव्याचे नऊ दिवस’ असे दुसरी बजावते. परंतु महाराष्ट्रातील शेतकरी केवळ या म्हणींवर विसंबून राहिला असता, तर त्याच्या विहिरीवर आजही चामड्याची मोटच चालली असती आणि त्याच्या शेतात लाकडी नांगराखेरीज दुसरा नांगर दिसला नसता. त्याने मोट सोडून पंप बसविला, लोखंडी नांगर घेतला, संकरित व सुधारित बियाणे पेरले. तो नव्याला भिणारा नाही, हे यावरून उघड आहे.

तथापि त्याच शेतकऱ्याच्या खळ्यात दुसरेही एक दृश्य वारंवार आढळते. गोठ्याच्या मागे बाभळीखाली एखादे पेरणी यंत्र किंवा कोळपणी यंत्र गंज खात पडलेले असते. त्याचा रंग अजून पुरता उडालेला नसतो. पहिल्या हंगामात ते हौसेने चालविले गेले, दुसऱ्या हंगामात त्याची नळी तुंबू लागली, तिसऱ्या हंगामात मोडलेला भाग तालुक्याच्या गावीही मिळाला नाही. घरची पाभर तर यंत्र आले त्याच वर्षी मोडून तिचे लाकूड चुलीत गेलेले असते. असा शेतकरी जुन्याचाही राहत नाही आणि नव्याचाही होत नाही. पेरणीच्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बांधावर बसावे लागते, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही.

हे नुकसान केवळ त्या यंत्राच्या किमतीचे नाही. वेळेवर न झालेली पेरणी, चुकीच्या खोलीवर पडलेले बी, फेडावयाचे राहिलेले कर्ज आणि ‘सरकारी सल्ला असाच असतो’ ही मनात बसलेली अढी, इतके सर्व त्यात जमेस धरावे लागते. म्हणून अवजार जुने असावे की नवे, हा वाद बाजूस ठेवून कोणते काम अडले आहे आणि ते अडलेले काम कोणत्या अवजाराने, कोणाच्या हातून व किती खर्चात होईल, हे आधी ठरवावयास हवे. ज्या अवजाराने काम अडत नाही ते बदलू नये. ज्याने अडते ते सवयीच्या मोहाने जवळ धरून बसू नये. प्रस्तुत विवेचनाचे सार एवढेच आहे.

लोखंडी नांगर कशामुळे रुजला

या बाबतीत लोखंडी नांगराचा इतिहास उद्बोधक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी अनेक शेतकऱ्यांत होती, आणि पहिले काही नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर दख्खनच्या गावोगावी जाऊन पोचला.

ही कथा सांगताना बहुधा असे सुचविले जाते की, आरंभी शेतकरी अज्ञानी होता व पुढे तो शहाणा झाला. ही मांडणी अर्धीच खरी आहे. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोलवर पसरतात. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती उलथून टाकीत नाही. त्यामुळे या तणांचे निर्मूलन त्याच्याने होत नसे. हरळीने व्यापलेले शेत वर्षानुवर्षे कमी पिकत असे आणि घरच्या अवजारांत त्यावर इलाज नव्हता. लोखंडी नांगराने ढेकूळ उलटले, मुळ्या उन्हात पडल्या व वाळल्या. शेतकऱ्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा विषाची समजूत आपोआप विरली. पटवून देण्याचे काम व्याख्यानांपेक्षा हरळीने अधिक केले असे म्हणावयास हरकत नाही.

याच कथेचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. लोखंडी नांगर आला म्हणून शेतकऱ्याने कुळव टाकून दिला नाही. दख्खनच्या काळ्या कोरडवाहू जमिनीत नांगरट दरवर्षी होत नसे. ती काही वर्षांच्या अंतराने होई आणि मधल्या वर्षांत कुळवाच्या पाळ्यांवरच मशागत उरके. विदर्भ-खानदेशात हेच काम वखर करीत आला. जड नांगर ओढावयास बैलांच्या दोन-तीन, प्रसंगी चार जोड्या लागत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून शेजारी मिळून इर्जिक करीत. म्हणजे नवे अवजार जुन्याच्या शेजारी येऊन बसले. जेथे जुने अपुरे पडत होते तेवढेच काम त्याने घेतले, आणि जो एकट्याच्या आवाक्याबाहेर होता तो खर्च गावाने वाटून घेतला. अवजार रुजण्याची खरी रीत ही होय.

उत्तम असूनही जे नाकारले गेले

याच्या उलट उदाहरणही आपल्या जवळपासचेच आहे. हैदराबादनजीक पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. पावसाळ्यात चिखल होऊन वाया जाणाऱ्या खोल काळ्या जमिनीत रुंद वरंबे व सऱ्या पाडून पीक घेण्याच्या पद्धतीवर तेथे मोलाचे काम झाले. या पद्धतीसाठी बैलांनी ओढावयाचा दोन चाकांचा एक गाडा पुढे आणण्यात आला. त्याच्या आडव्या दांड्यास नांगर, कुळव, पेरणीचे फण, कोळपी असे काहीही जोडता येई. एकाच गाड्यावर शेतीची बहुतेक सर्व कामे व्हावीत, ही कल्पना तांत्रिक दृष्ट्या उत्तम होती, आणि प्रयोगशेतावर तो गाडा चांगला चालतही असे.

असे गाडे भारतात व आफ्रिकेतही अनेक देशांत निघाले. पॉल स्टार्की या ब्रिटिश अभ्यासकाने १९८८ साली त्यांचा सर्व जमाखर्च मांडला. तीस वर्षांत पंचेचाळीसहून अधिक प्रकारचे सुमारे १०,००० गाडे तयार झाले होते. पण शेतकऱ्यांनी अनेक कामांसाठी वर्षानुवर्षे वापरलेले गाडे त्यांत नगण्य निघाले. बहुतेक गाडे एक तर पडून राहिले, किंवा त्यांचा उपयोग केवळ बैलगाडी म्हणून झाला. अनुदानाचा आधार असतानाही हे घडले. कारणे साधी होती. किंमत फार, वजन जास्त, लहान शेतात वळावयास अडचण, आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाताना दरवेळी सारी जुळणी बदलण्याचा त्रास. शेतकऱ्याकडील कुळव, पाभर व कोळपे ही स्वस्त व हलकी अवजारे आपापल्या कामासाठी तयार उभी असत. त्यांना पाना लावावा लागत नसे.

येथे शेतकऱ्याने अडाणीपणा केला असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याने गाडा नाकारला, परंतु त्यामागील विचार व्यर्थ गेला नाही. आज विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनसाठी ट्रॅक्टरने चालणारे रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्र वापरले जाते. अधिक पावसात सरीतून पाणी वाहून जाते व खंड पडल्यास वरंब्यात ओल टिकते, हा अनुभव शेतकऱ्यांना येतो आहे. पद्धत टिकली व अवजार मात्र बदलले. म्हणूनच कार्यकर्त्यांनी पद्धतीचा आग्रह आणि यंत्राचा आग्रह यांत भेद करण्यास शिकले पाहिजे. शेतकरी यंत्र नाकारतो तेव्हा तो पद्धतही नाकारतो असे नाही.

सरावाची किंमत

ज्या अवजारावर हात बसला आहे त्याचे मोल बाजारभावाने काढता येत नाही. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाच्या हाताला बियाण्याचे प्रमाण ठाऊक असते. बैल जलद चालले तर मूठ किती सोडावी, बांधाजवळ वळताना कोठे थांबवावी, हे त्याने वर्षानुवर्षांच्या पेरण्यांत शिकलेले असते. फण उथळ लागतो की खोल, हे मागून चालणाऱ्याला पायाखालच्या मातीवरून समजते. अवजार बदलले की हे सारे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते, आणि नव्या अवजाराचे ज्ञान मात्र एका दिवसात येत नाही. मधला काळ तोट्याचा असतो. हा तोटा कोणी हिशेबात धरीत नाही आणि तो पुढे यंत्राच्या माथी मारला जातो.

सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. त्याचे बी तीन ते चार सेंटिमीटर खोलीवर पडावयास हवे. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची खोली न बांधता पेरणी केली, तर भुसभुशीत जमिनीत तेच बी सहा-सात सेंटिमीटर खाली जाते. त्यावर जोराचा पाऊस होऊन पापडी धरली की अंकुर वर येत नाही. मग बियाणे खोटे निघाले अशी तक्रार होते आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. पुष्कळदा बियाणेही निर्दोष असते व यंत्रही निर्दोष असते. दोष जुळणीत असतो.

ही जुळणी अवघड नाही. पेरणी यंत्राचे चाक जमिनीपासून वर उचलून हाताने फिरवावे आणि नळ्यांतून पडणारे बी गोळा करून तोलावे. समजा, यंत्र पाच फणांचे आहे आणि दोन फणांतील अंतर ४५ सेंटिमीटर आहे. म्हणजे पेरणीची रुंदी सव्वादोन मीटर झाली. चाकाचा घेर दीड मीटर असेल, तर वीस फेऱ्यांत चाक ३० मीटर चालते आणि साडेसदुसष्ट चौरस मीटर क्षेत्र पेरले जाते. हेक्टरी ७५ किलो बियाणे पेरावयाचे असल्यास या वीस फेऱ्यांत सर्व नळ्यांतून मिळून सुमारे ५०० ग्रॅम बी पडले पाहिजे. सातशे ग्रॅम पडले तर हेक्टरी शंभर किलोंहून अधिक बियाणे जाईल. साडेतीनशे पडले तर पीक विरळ उगवेल. शेतात चाक थोडे घसरते, म्हणून पहिल्या दोन तासांनंतर पुन्हा एकदा माती उकरून खोली व बियांतील अंतर पाहावे. या सर्वास अर्धा तास पुरतो. ज्याला हा अर्धा तास द्यावयाचा नाही, त्याने पाभर सोडून पेरणी यंत्राच्या नादी लागू नये.

रोटाव्हेटर आणि हरळी

रोटाव्हेटरचा प्रसार अलीकडे झपाट्याने झाला. एका पाळीत रान भुसभुशीत व दिसावयास सुंदर होते, काम झटपट उरकते आणि पिकाचे धसकट बारीक होऊन मातीत मिसळते. हे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे अवजार एका कामास चांगले, तेच सर्व कामांस चांगले, या समजुतीने ते दरवर्षी, प्रत्येक रानात, नांगर व कुळव यांच्या जागी चालविले जाऊ लागले, आणि तेथे चूक झाली.

रोटाव्हेटरची पाती वरच्या दहा-बारा सेंटिमीटर थरातच फिरतात. वर्षानुवर्षे त्याच खोलीवर आणि विशेषतः ओल्या रानात ते चालविले, तर त्या थराखाली माती दाबली जाऊन कठीण थर तयार होतो. पाणी खाली मुरत नाही आणि मुळे खाली उतरत नाहीत. वरची माती इतकी बारीक होते की, पहिल्या जोरदार पावसाने तिच्यावर पापडी येते.

हरळीच्या बाबतीत तर परिणाम उलटाच होतो. हरळीच्या कांड्याला पेरे असतात आणि प्रत्येक पेऱ्यातून नवीन रोप फुटू शकते. रोटाव्हेटर हरळी उपटून काढीत नाही. तिचे तुकडे करून ते साऱ्या रानात पसरतो. वरून रान स्वच्छ दिसते, आणि पाऊस पडताच एका कोपऱ्यातील हरळी शेतभर उगवते. ज्या तणाने शंभर वर्षांपूर्वी लोखंडी नांगराला शेतात जागा करून दिली, तेच तण आज घाईने निवडलेल्या अवजाराच्या आश्रयाने परत येते. हरळीच्या रानात खोल नांगरट करून उन्हाळाभर ढेकळे तापू देणे व कुळवाने काशा वर आणून वेचणे, हाच इलाज आजही खरा आहे. येथे जुनी रीत वयामुळे नव्हे, तर तणाच्या स्वभावाला धरून असल्यामुळे श्रेष्ठ ठरते.

सवयीचा दुराग्रहही तितकाच घातक

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा अर्थ काढील की, जुन्या अवजारांस चिकटून राहण्याचा हा उपदेश आहे, तर तो मोठा गैरसमज होईल. सवय ही आळसाचेही दुसरे नाव असू शकते. जे अवजार अंग मोडते, वेळ खाते व काम अर्धवट करते, ते केवळ वाडवडिलांचे म्हणून वापरणे यात शहाणपण नाही.

विळ्याचे उदाहरण पाहावे. साध्या विळ्याला वारंवार धार लावावी लागते. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी ‘वैभव’ विळा वजनाला हलका असून त्यास वारंवार धार लावावी लागत नाही, आणि भात व गवताची कापणी जमिनीलगत करता येते. तो वापरण्यास नवे कौशल्य शिकावे लागत नाही, त्याला इंधन लागत नाही, आणि त्याची किंमत मजुरालाही परवडते. असा विळा बाजारात असताना जुना विळा दगडावर घासत बसणे म्हणजे निव्वळ हट्ट होय.

निंदणी-खुरपणीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात. दिवसभर उकिडवे बसून खुरप्याने तण काढताना कंबर व गुडघे धरतात, हे त्या बोलून दाखवीत नाहीत, कारण कोणी विचारीत नाही. ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने ढकलावयाचे सायकल कोळपे याच कामाचा पुष्कळ भाग कमी श्रमात उरकते. ओळींतील थोडे तण तेवढे खुरप्याने काढावे लागते. परंतु घरात अवजार कोणते घ्यावे हे ठरविणारा पुरुष असतो आणि खुरपे धरणारी स्त्री असते. ट्रॅक्टरच्या अवजारास हजारो रुपये घालणाऱ्या घरातही कोळप्यास पैसा निघत नाही. ‘खुरप्याची सवय आहे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती सवय कोणाची आणि कंबर कोणाची, हे कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे. अवजारासंबंधीची बैठक ज्या घरी भरेल, तेथील स्त्रियांना त्या बैठकीत बोलावणे हा शिष्टाचाराचा भाग नसून निर्णय बरोबर येण्याचा मार्ग आहे.

नवे अवजार स्वीकारताना त्याच्याबरोबर येणारी अटही स्वीकारावी लागते. भातातील कोनोवीडर हे चांगले अवजार आहे. पण भात ओळीत लावलेला नसेल तर ते रोपांवरूनच जाईल. सायकल कोळप्याला सरळ ओळी हव्यात. पेरणी यंत्राला प्रतवारी केलेले स्वच्छ बी हवे. म्हणून अवजार बदलावयाचे तर पद्धतही बदलण्याची तयारी आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. पद्धत जुनी व अवजार नवे, हा संसार टिकत नाही.

खर्चाचा सरळ हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम अवजारांस सर्वांत अधिक लागू पडतो. कृषि गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर झाले. शेते लहान होत गेली आणि त्याच काळात अवजारे मोठी होत गेली. ट्रॅक्टरचा तासाचा खर्च काढताना वर्षास सुमारे १,००० तास काम गृहीत धरण्याची रीत आहे. सव्वा-दीड हेक्टरच्या शेतात नांगरट, पाळ्या, पेरणी व वाहतूक धरूनही ट्रॅक्टरला वर्षाकाठी पन्नास तासांहून फारसे अधिक काम मिळत नाही. उरलेला काळ तो उभा राहतो. कर्जाचे व्याज मात्र उभे राहत नाही. ज्याला गावात भाड्याचे पुरेसे काम मिळण्याची खात्री आहे त्याने ट्रॅक्टर अवश्य घ्यावा. शेजाऱ्याच्या दारात आहे म्हणून आपल्याही दारात हवा, हे कारण पुरेसे नाही.

केंद्र शासनाचे कृषि यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ साली सुरू झाले. त्याखाली बहुसंख्य अवजारांस अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती व महिला शेतकऱ्यांसाठी किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, तर इतरांसाठी ४० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदानाची तरतूद करण्यात आली. गरजू शेतकऱ्यास हा मोठाच आधार आहे. पण अनुदान हे अवजार घेण्याचे कारण होऊ शकत नाही; ते गरजेचे अवजार परवडण्याचे साधन आहे. निम्मी किंमत शासनाने दिली तरी उरलेली निम्मी शेतकऱ्याच्या खिशातून जाते, आणि इंधन, दुरुस्ती व जागा यांचा सारा भार त्याच्यावरच पडतो. निम्म्या किमतीत घेतलेली निरुपयोगी वस्तू स्वस्त नसते.

लहान शेतकऱ्यास महाग यंत्राचे काम हवे असते, यंत्राची मालकी नव्हे. जुन्या इर्जिकीचेच आजचे रूप म्हणजे अवजार बँक. गटाने किंवा संस्थेने यंत्र घ्यावे, ते चालविणारा एक माणूस नीट शिकलेला असावा, आणि पेरणीची पाळी आधीच ठरलेली असावी. पाळीवरून तंटे होतात हे खरे. ते इर्जिकीतही होत असत आणि गावातच मिटत असत. पाभर, कुळव, कोळपे, विळा ही रोजची अवजारे घरची असावीत. वर्षातून दोन-चार दिवस लागणारी यंत्रे भाड्याने आणावीत. हा विभाग ध्यानात ठेवला तर निम्मी कर्जे टळतील.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे उद्दिष्टाचा कागद असतो आणि त्यावर किती अवजारांचे वाटप झाले याचा रकाना असतो. किती अवजारे दोन हंगामांनंतरही शेतात चालत आहेत, याचा रकाना नसतो. पहिला रकाना भरला म्हणजे काम पुरे झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विस्तारकार्याचे खरे यश दुसऱ्या रकान्यातच मोजले जाते. तो छापलेला नसला तरी कार्यकर्त्याने आपल्या वहीत आखावा. पाच वर्षांत त्या वहीइतकी उपयुक्त माहिती दुसऱ्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

शेतकरी नवे अवजार मागावयास येईल तेव्हा त्यास चार गोष्टी विचाराव्यात. सध्याच्या अवजाराने नेमके कोणते काम अडते? ते अडणे अवजाराच्या दोषामुळे आहे, की कुळवाची पास झिजली, फण बोथट झाले, जुळणी सैल झाली यामुळे आहे? नवे अवजार मोडल्यास ते गावातील लोहाराकडून किंवा जवळच्या बाजारात एका दिवसात दुरुस्त होईल काय? आणि ते प्रत्यक्ष चालविणार कोण, व त्या व्यक्तीने ते एकदा तरी चालवून पाहिले आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर विलंब न करता शिफारस करावी. दुसऱ्याच प्रश्नावर गाडे अडले, तर शेतकऱ्यास प्रथम लोहाराकडे धाडावे. पुष्कळ वेळा जुने अवजार निकामी झालेले नसते. त्याची देखभाल राहिलेली असते.

अवजार घेतल्यावरही ते प्रथम दहा-वीस गुंठ्यांवर चालवून पाहावे आणि उरलेले रान सरावाच्या अवजाराने करावे. दोन्ही तुकड्यांतील उगवण, तण, मजुरी व उत्पन्न यांची नोंद ठेवावी. जुने अवजार निदान दोन हंगाम मोडू नये. नवे यशस्वी ठरले तर जुने विकता येईल. नवे फसले तर पेरणीच्या दिवशी जुने हाताशी असेल.

कार्यकर्त्यास एक काम आजच हाती घेता येण्यासारखे आहे. येत्या मृगापूर्वी त्याने आपल्या गावात एक फेरी मारावी आणि गोठ्यांच्या मागे, बाभळींच्या खाली पडलेली अवजारे पाहावीत. प्रत्येक अवजाराजवळ उभे राहून त्याच्या मालकास, आणि ते चालविणाऱ्या घरच्या माणसांस, ते का पडले हे विचारावे. कोणी सांगेल, सुटा भाग मिळत नाही. कोणी सांगेल, शिकविणारा पुन्हा फिरकलाच नाही. कोणी सांगेल, मुळात गरजच नव्हती. ही उत्तरे नम्रपणे ऐकून वहीत उतरवून घ्यावीत. जे दुरुस्त होण्याजोगे आहे ते पेरणीपूर्वी दुरुस्त करवून घ्यावे, ज्याची जुळणी चुकली आहे ती शेतात उभे राहून करून दाखवावी, आणि त्यानंतरच नव्या अवजारांचे अर्ज भरावयास बसावे.